मोबाईलमधील पैसा आणि आजचा तरुण



वसंत ऋतूत गावोगाव व्याख्याने भरविण्याची जी प्रथा महाराष्ट्रात पडली आहे, तिचा उगम न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच वर्षी, त्याच पुणे जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडली. १२ मे १८७५ रोजी सुपे या गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले, त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखते बाहेर ओढली आणि त्यांची होळी केली. ते लोण पुढे पुणे व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. एकीकडे शहाणी माणसे व्याख्याने ऐकत होती आणि तेथून फार लांब नव्हे अशा ठिकाणी कर्जाखाली दबलेली माणसे कागद जाळीत होती. या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी मांडतो. वसंत व्याख्यानमालेत कर्जाचा विषय काढणे अप्रस्तुत नाही, एवढेच मला त्यावरून सांगावयाचे आहे.

मी विद्वान नाही. दहावीला गणितात नापास झालो आणि शाळा सुटली. अठराव्या वर्षी येथल्याच एका रोलिंग मिलमध्ये कामाला लागलो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यात पुस्तकातले थोडे आणि कारखान्याच्या फाटकावरचे अधिक असेल. मोबाईल आल्यापासून विशी-पंचविशीतल्या मुलामुलींचा पैशाशी असलेला संबंध कसा बदलला, आणि त्या बदलाने त्यांच्या जिवाला स्वास्थ्य आले की घोर लागला, हा आजचा विषय आहे.

पैशाचे वजन

प्रथम पैसा हातात येण्याची रीत पाहू. मी कामाला लागलो तेव्हा पगार पाकिटातून मिळे. पाकीट घरी नेऊन आईच्या हातात द्यावयाचे. ती त्याचे ढीग करी. किराण्याचा एक, घरभाड्याचा एक, दूधवाल्याचा एक. उरलेला अगदी लहान ढीग माझा. महिनाअखेर डबा रिकामा झाला की तो डोळ्यांना दिसे आणि हात आपोआप आखडता येई. पैशाला वजन होते, आणि ते कमी होत गेलेले हाताला कळत होते.

एप्रिल २०१६ मध्ये आपल्या देशात यूपीआय ही पद्धत सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले आणि नोव्हेंबरच्या ८ तारखेला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. या तीन गोष्टी एकाच वर्षात घडल्यामुळे जे बदल व्हावयास एरवी वीस वर्षे लागली असती ते पाच वर्षांत झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवरून एका महिन्यात एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. बरोबर दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, तो आकडा दोन हजार कोटींच्या पुढे गेला. आज आपल्या मोंढ्यात हमाल चहाचे दहा रुपये मोबाईलवरून देतो.

या सोयीची निंदा करण्यासाठी मी उभा नाही. आमच्या पोलाद कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले हजारो कामगार आहेत. पूर्वी घरी पैसे पाठवावयाचे म्हणजे अर्धी रजा टाकून पोस्टाच्या रांगेत उभे राहावे लागे, आणि मनीऑर्डर पोचली की नाही हे कळावयास पंधरा दिवस लागत. आज तोच कामगार भट्टीवरून उतरतो, घाम पुसतो आणि आईच्या खात्यावर पैसे टाकतो. पगार खात्यात जमा होऊ लागल्यामुळे ठेकेदाराने सही एका रकमेवर घ्यावयाची आणि हातात दुसरी ठेवावयाची, हा जुना प्रकारही पुष्कळ कमी झाला. ज्याने ते दिवस पाहिले आहेत तो मोबाईलला शिव्या देणार नाही.

परंतु पैसा सोयीचा झाला तसा तो डोळ्यांआडही गेला. दिवसाकाठी दहा वेळा वीस-तीस रुपये जातात, त्यांचा आवाज होत नाही. गाण्यांची वर्गणी, सिनेमाची वर्गणी, खेळाची वर्गणी एकदा मान्य केली की दरमहा आपोआप कापली जाते. आमच्या एका कामगाराबरोबर बसून त्याच्या खात्याचा तीन महिन्यांचा उतारा मी ओळीओळीने वाचला. दरमहा आठशे चाळीस रुपये कशात जात होते, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. तो उधळ्या नव्हता. त्याला पैसा जाताना दिसतच नव्हता. पाकिटातून आठशे चाळीस रुपये नाहीसे झाले असते तर त्याने चोर शोधला असता.

मागणे आणि मिळणे

आता कर्जाकडे वळू. गरिबाला कर्ज नवे नाही. हिंदुस्थानातील कामगारांची स्थिती तपासण्यासाठी जो रॉयल कमिशन १९२९ साली नेमला गेला, त्याचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत तीनांपैकी निदान दोन कुटुंबे कर्जात आहेत असे कमिशनला आढळले. व्याजाचा नेहमीचा दर रुपयास महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५ होता. पगाराच्या दिवशी सावकार गिरणीच्या फाटकावर येऊन उभा राहत असे. वसुलीसाठी कारखान्यास असा गराडा घालणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारस कमिशनने केली होती.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रकार आपण सारे पाहतो. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील जोडपी दर दिवाळीनंतर उसाच्या तोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती फेडावयाची. ही उचल म्हणजे कर्जच होय, आणि तिच्यापायी माणसे किती अडकतात हे मी येथे निराळे सांगावयास नको.

ही जुनी कर्जे वाईट होती. तरीही त्यांत एक गोष्ट होती, ती आज नाहीशी झाली आहे. कर्ज मागावयाचे तर कोणाच्या तरी दारात जावे लागे. मान खाली घालून बोलावे लागे. तो विचारी, कशाला हवेत? कधी देणार? जामीन कोण? या प्रश्नांची उत्तरे देता देता मागणाऱ्याला स्वतःचीही उत्तरे ऐकू येत. कित्येकदा माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरे. त्या लाजेत अपमान होता हे खरे. पण तिचा उपयोग गाडीच्या आवळपट्टीसारखा, म्हणजे ब्रेकसारखा, होत असे. शिवाय कर्ज दोघांतिघांना ठाऊक असे. मुकादमाचे गाव ठाऊक असे, सावकाराचे दुकान ठाऊक असे. भांडावयाचे झाले तर कोणाशी भांडावे हे माहीत असे.

मोबाईलमधील कर्ज रात्री दीड वाजता, पांघरुणात, कोणाशी एक शब्दही न बोलता मिळते. कशाला हवेत हे कोणी विचारीत नाही. जामीन मागत नाही. मागताना लाज वाटत नाही. ती पुढे, फेडताना वाट्याला येते, आणि व्याजासकट येते. माझ्या मते साऱ्या बदलाचे मर्म येथे आहे. ते एका हकिकतीने सांगतो.

तीन हजार रुपये

मंठा तालुक्यातील एका खेड्यातला मुलगा आमच्या भागातील एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. वय तेवीस. एके दिवशी तो माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "काका, बहिणीला दवाखान्यात न्यायचंय. तीन हजार पाहिजेत. पगाराला देतो." त्या आठवड्यात माझ्याजवळ पैसे होते. पण त्याच्या हातात नवा मोबाईल पाहून मी त्याला काटकसरीवर व्याख्यान दिले. पगार किती, मोबाईल केवढ्याचा, बापाची जमीन किती, सारे काढले. तो "बरं काका" म्हणून निघून गेला. माझे व्याख्यान चांगले झाले असे मला त्या वेळी वाटले होते, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो.

त्या रात्री त्याने एका ॲपवरून पाच हजारांचे कर्ज घेतले. हातात आले तीन हजार दोनशे; अठराशे रुपये 'प्रक्रिया शुल्क' म्हणून आधीच कापले गेले. परतफेड सात दिवसांत, पुरे पाच हजार. आता हिशेब करू. तीन हजार दोनशेवर सात दिवसांना अठराशे, म्हणजे आठवड्याला शेकडा ५६. वर्षाला सरळ हिशेबाने सुमारे शेकडा २,९००. गिरणीच्या फाटकावरचा तो सावकार वर्षाला ७५ घेत होता! दामदुपटीचा जुना नियम आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होता. व्याज कधीही मुद्दलाच्या वर जाऊ नये असे तो सांगे, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला होता. या ॲपने दामदुपटीची मर्यादा दोन आठवडे पुरे व्हायच्या आतच ओलांडली असती.

सातव्या दिवशी पैसे नव्हते. तेव्हा दुसऱ्या ॲपचे कर्ज काढून पहिल्याचे फेडले, तिसऱ्याचे काढून दुसऱ्याचे. चार महिन्यांनी आम्ही हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की त्याच्या खात्यात एकूण सत्तावीस हजार चारशे रुपये आले होते. त्याने त्रेचाळीस हजार नऊशे फेडले होते. आणि आणखी छत्तीस हजार मागितले जात होते.

हा हिशेब मांडण्याची वेळ कशी आली तेही ऐका. कर्ज देताना ॲपने त्याच्या मोबाईलमधील सर्व नावे व नंबर उचलून ठेवले होते. एके सकाळी माझ्या मोबाईलवर त्याचे छायाचित्र आले आणि खाली 'चोर' असे लिहिलेले. तेच छायाचित्र त्याच्या फोरमनला, मामाला, शाळेतल्या गुरुजींना आणि ज्या घरी त्याच्या सोयरिकीचे बोलणे चालू होते त्या घरालाही गेले. तो कामावर आला नाही. संध्याकाळी त्याची आई एसटीने आली आणि माझ्या दारात बसून राहिली. दोन रात्री तो जालन्याच्या रेल्वे स्थानकावर बाकावर बसून होता. तेथे तो कशासाठी गेला होता, हे मी त्याला आजवर विचारलेले नाही. आमच्या दोन कार्यकर्त्यांनी त्याला घरी आणले.

पोलिसांत तक्रार दिली. त्यानंतर जे केले ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. फाटकावर कागद लावला : 'आपल्या एका सहकाऱ्याच्या नावाने आलेला मजकूर खोटा आहे. तो चोर नाही. त्याने घेतले त्याहून अधिक फेडले आहे.' खाली चाळीस जणांनी सह्या केल्या. त्यांतली एक त्याच्या फोरमनची होती. मग फाटकसभेत मी विचारले, असे कर्ज आणखी कोणाला आहे काय? एकही हात वर झाला नाही. त्या रात्री आठपासून साडेअकरापर्यंत अकरा जण एकेक करून माझ्या खोलीवर आले. दुसरा बाहेर पडेपर्यंत पुढचा कोपऱ्यावर थांबे. एकाच पाळीत, एकाच यंत्रावर काम करणारे दोघे जण त्यांत होते, आणि दोघांनाही एकमेकांचे कर्ज ठाऊक नव्हते.

अशा ॲपांचा सुळसुळाट किती आहे? रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारी या दोन महिन्यांत पाहणी केली तेव्हा कर्ज देणारी सुमारे अकराशे ॲपे आढळली, आणि त्यांपैकी सुमारे सहाशे बेकायदा होती.

हप्ता नावाचा मुकादम

आता कायदेशीर कर्जाकडे पाहू. दुकानात पाटी असते, 'बिनव्याजी हप्ते'. व्याजाचा शून्य दर अशी वस्तुस्थितीत काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. समजा, मोबाईलची किंमत चोवीस हजार आणि हप्ते दोन हजारांचे बारा. रोखीने घेणाऱ्याला तोच मोबाईल दुकानदार साडेबावीस हजारांना देतो. हा दीड हजारांचा फरक म्हणजेच व्याज; ते किमतीच्या पोटात लपविलेले असते. वर शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी निराळा. हप्ता चुकला की बँकेचा दंड एक आणि कंपनीचा दंड दुसरा.

पण कामगार कार्यकर्ता म्हणून मला याहून मोठे नुकसान दिसते. पूर्वी संपाचा विचार करावयाचा तर आम्ही विचारीत असू, घरात दाणे किती दिवसांचे आहेत? आज विचारावे लागते, हप्ता कोणत्या तारखेला आहे? मोटारसायकलचा पाचला, मोबाईलचा सातला, लग्नात काढलेल्या कर्जाचा दहाला. दाणे कमी असले तर शेजारी पायलीभर देतो. हप्त्याची तारीख कोणी उसनी देत नाही. त्यामुळे बारा तासांची पाळी नको म्हणावयाची, सुरक्षेचे जोडे-हातमोजे मागावयाचे, जादा कामाचा दुप्पट दर मागावयाचा, तर तरुण मान खाली घालतो. त्याला हक्क कळत नाहीत असे नाही. पाच तारखेची त्याला धास्ती असते. मुकादम कारखान्यात नसतानाही त्याच्यावर देखरेख चालू राहते.

विसार आणि बाग

तिसरा प्रकार झटपट पैशाचा. यातही दोन शाखा आहेत. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ ही पहिली. तिच्याविषयी मी फार बोलत नाही, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली आहे. आडवाटेने कोणी खेळवीत असेल तर तो जुगार आहे हे आता सर्वांस समजते.

दुसरी शाखा अधिक कठीण, कारण ती कायदेशीर आहे आणि तिला प्रतिष्ठाही आहे. ती म्हणजे शेअर बाजारातील 'फ्युचर्स अँड ऑप्शन्स'. नाव मोठे, पण गोष्ट आपल्या मोसंबीवाल्यांना समजेल अशी आहे. बहर धरला की व्यापारी बागेत येतो, भाव ठरवितो आणि विसार देऊन जातो. पुढे बाजार चढला तर त्याचा फायदा. बाजार पडला तर तो विसार सोडून देतो. ऑप्शन हा असाच विसार आहे. फरक इतकाच की येथे बाग नाही, मोसंबी नाही. नुसत्या विसाराचीच खरेदीविक्री चालते, आणि निर्देशांकावरच्या कित्येक विसारांची मुदत आठवड्यातच संपते. मुदत संपली आणि भाव आपल्या बाजूला गेला नाही की विसार बुडाला. समोर जो बसलेला असतो त्याच्याजवळ मोठी संगणक यंत्रे व पगारी गणिती असतात. आपल्या मुलाजवळ मोबाईल आणि जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटे असतात.

सेबी या सरकारी नियामक संस्थेने २०२४ च्या सप्टेंबरात याचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी हा व्यवहार केला. त्यांतील शंभरांपैकी ९३ जणांना तोटा झाला. तोटा सरासरी माणशी सुमारे दोन लाख, आणि साऱ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. या व्यवहारात तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात शेकडा ३१ वरून ४३ वर गेले. चारांपैकी तिघांचे सांगितलेले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. पुढे नियम कडक झाले, तरी २०२४-२५ मध्ये शंभरांपैकी ९१ जण तोट्यातच राहिले.

'जालना सोन्याचा पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. पण ते सोने व्यापाराने आणि कष्टाने आले होते. येथल्या बियाण्याच्या धंद्याचेच पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची स्थापना केली आणि जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला तो १९९८ साली. मध्ये चौतीस वर्षे गेली. मोबाईलवर जो 'गुरू' चौतीस दिवसांत करोडपती करण्याचे शिकवितो, त्याचे स्वतःचे उत्पन्न विसारातून येते की शिकवणीच्या फीतून, एवढे तरी मुलांनी त्याला विचारावे.

मनाचे स्वास्थ्य

आता मनाविषयी. पूर्वी माणूस स्वतःची तुलना गल्लीतल्यांशी करी. शेजाऱ्याने टीव्ही घेतला की त्याचे कर्जही आपणांस ठाऊक असे. आज तो तुलना करतो ती मोबाईलच्या पडद्यावरच्या माणसाशी, ज्याची गाडी दिसते आणि गाडीचे कर्ज दिसत नाही. पाळीवरून आलेला मुलगा झोपण्यापूर्वी तासभर हेच पाहतो. आपण मागे राहिलो, असे त्याला वाटू लागते. आणि मागे राहिल्याची ही भावना ज्या पडद्यावर येते त्याच पडद्यावर दोन बोटांच्या अंतरावर कर्जाचे बटण असते.

मात्र साऱ्यांत वाईट आहे तो एकांत. कर्ज एकट्याने घेतलेले असते, म्हणून ते एकट्यानेच सोसले जाते. आई त्याच घरात असते, बायको त्याच खोलीत झोपते, आणि त्या दोघींना ठाऊक नसते. मुलगा चिडचिडा होतो, जेवत नाही, अनोळखी नंबर आला की उठून बाहेर जातो. आपण म्हणतो, मोबाईलने बिघडला. तो बिघडलेला नसतो, तो घाबरलेला असतो. मुलींचे दुःख आणखी निराळे. त्यांच्या छायाचित्रांत फेरफार करून धमकावल्याचे प्रकार देशात ठिकठिकाणी घडले आहेत, आणि त्या घरात तोंड उघडू शकत नाहीत, कारण पहिला प्रश्न त्यांच्याच चारित्र्याविषयी येतो.

उपाय

नुसते दुःख सांगून व्याख्यान संपविणे बरे नव्हे, म्हणून उपाय सांगतो. पहिला कायद्याचा. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने कर्जखताच्या मागे जाऊन मूळ किती दिले व व्याज किती लावले हे तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्याचा लाभ येथे पोचला नाही; पण तत्त्व मोलाचे होते. कागदावर काय लिहिले आहे एवढेच पाहू नका, हातात काय दिले ते पाहा. तेच तत्त्व पुढे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत, आणि त्यांच्या जागी २०२५ च्या मे महिन्यात निघालेल्या निर्देशांत आले. ते प्रत्येक मुलाने पाठ करावेत असे आहेत. कर्जाचा पैसा कर्जदाराच्याच खात्यात आला पाहिजे. सर्व शुल्के धरून वर्षाचा खरा दर किती, हे सांगणारे मुख्य माहितीचे पत्रक कर्जापूर्वी मिळाले पाहिजे. मोबाईलमधील नावे, नंबर व छायाचित्रे यांना ॲपने हात लावता कामा नये. विचार बदलला तर ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून कर्ज परत करता आले पाहिजे. मान्य संस्थांशी जोडलेल्या ॲपांची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ॲप उघडण्यापूर्वी ती यादी उघडावी. बँकांच्या वसुलीवाल्यांनी सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर फोन करावयाचा नाही.

फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर तितका पैसा अडविण्याचा संभव अधिक. मान्य बँक अथवा कंपनी ऐकत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी, आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे, आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. आपल्या नावावर कोणकोणती कर्जे आहेत हे दाखविणारा पूर्ण पतअहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढून पाहावा. आणि ज्याचे मनच खचले आहे त्याने १४४१६ वर बोलावे. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

दुसरा उपाय वहीचा. आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा-पंधरा मुले मोबाईलमधला उतारा पाहून वहीत हाताने लिहितात : काय आले, कशात गेले, कोणाचे किती देणे. हाताने लिहिले की पैशाला पुन्हा थोडे वजन येते. मी गणितात नापास झालेला माणूस; पण बेरीज-वजाबाकीला एवढे धैर्य लागते हे मला या मुलांकडे पाहून कळले.

तिसरा उपाय एकत्र येण्याचा. कायम कामगारांना पतपेढी असते. ठेकेदाराकडच्या मुलाला तिचे सभासदत्व मिळत नाही, आणि ॲपाच्या दारात जातो तो नेमका हाच. म्हणून आमच्यातल्या बावीस जणांनी बचत गट केला. दरमहा प्रत्येकी तीनशे रुपये. अडल्यानडल्याला पाच हजारांपर्यंत, महिना शेकडा एक दराने. पाच हजारांवर महिन्याला पन्नास रुपये. ॲपने सात दिवसांचे अठराशे घेतले होते. हा गट फार मोठे काम करतो असे मी म्हणणार नाही. दोघांची थकबाकी आहे आणि तिच्यावरून दर बैठकीत वाद होतो. पण तो वाद तोंडावर होतो. कोणाच्या आईला कोणी छायाचित्र पाठवीत नाही.

चौथा उपाय आपणां वडीलधाऱ्यांचा. मुलगा पैसे मागावयास आला तर पैसे द्यावेत की न द्यावेत हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्याला बसवावे, चहा द्यावा, काय अडले आहे ते पुरते ऐकून घ्यावे, आणि आधीचे काही देणे आहे काय हे रागावल्यावाचून विचारावे. आपल्या दारात त्याला मान खाली घालावी लागते आणि मोबाईलमध्ये लागत नाही, असे असेल तर तो कोठे जाईल हे उघड आहे. मी तीन हजार वाचविले होते. त्याला ते त्रेचाळीस हजार नऊशेला पडले.

तो मुलगा आज कामावर आहे. सोयरीक मोडली ती मोडलीच. तक्रारीचा निकाल अद्याप लागलेला नाही. पहिल्या रविवारी तो वही घेऊन येतो, आणि नव्या मुलांना मुख्य माहितीच्या पत्रकातील वर्षाचा दर कोठे छापलेला असतो ते बोट ठेवून दाखवितो.

१८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांना निदान जाळण्यास कागद तरी सापडला. आज कागद नाही, दुकान नाही, सावकाराचा चेहराही दिसत नाही. परंतु त्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली होती : आपापले कर्ज घेऊन ते बाजारात, सर्वांसमोर, एकत्र आले होते. त्यांच्या जाळपोळीचे समर्थन मी करीत नाही. मात्र त्यांचे ते एकत्र येणे आजही आपल्या हाती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाजवळ, भाच्याजवळ, शेजारच्या पोराजवळ घटकाभर बसा, आणि हा विषय काढा.